सहीसाठी अडलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, दोन तोंडांची गाडी आहे. दुतोंडी म्हणून नाक मुरडू नका. माझ्या एका कुशीत पेट्रोल ओततात आणि दुसऱ्या कुशीत विजेची वायर खोचतात, म्हणून मला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग मोत्यासारखा होता. आता तो नासलेल्या दुधावर गेला आहे, पण ते असो.

माझे मालक मुद्रितशोधक होते. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे काम त्यांनी छत्तीस वर्षे केले. ती सवय त्यांच्या हाडीमांसी मुरली होती. औषधाच्या बाटलीवरचे लेबलसुद्धा ते लाल पेन्सिल घेऊन वाचत. मला मात्र त्यांनी फुलासारखे जपले. रोज संध्याकाळी स्वतः वायर लावायचे. महिनोन्महिने पेट्रोलपंपाचे तोंड पाहिले नाही, हे शेजाऱ्यांना सांगताना त्यांची छाती फुगायची. टाकीतले पेट्रोल शिळे होऊ नये म्हणून कधीतरी माझे इंजिन आपोआप सुरू व्हायचे. तेव्हा पाहुण्यांसमोर पोराने शिवी हासडावी तसे ते ओशाळायचे.

पुढे ते निवृत्त झाले. बाजार जवळ, मुलगी दोन गल्ल्या पलीकडे. मला महिन्यातून एकदाच काम उरले: मालकांना केस कापायच्या दुकानात नेणे आणि परत आणणे. बाकीचे दिवस मी धूळ खात उभी.

एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजारी बाईंकडे एक सिस्टर आल्या. त्या एका सेवासंस्थेच्या होत्या. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घ्यायच्या. दोन बस बदलून आल्या होत्या, खांद्यावर औषधांची पिशवी आणि हातात घडीची कमोडची खुर्ची. मालकीणबाई ते बघतच राहिल्या.

"ती बाई कमोड घेऊन बसमध्ये लोंबकळते, आणि आपली गाडी सावलीत उभी राहून म्हातारी होतेय," त्या मालकांना म्हणाल्या. "त्यांच्या संस्थेला देऊन टाकू या."

"देऊ की," मालक म्हणाले. "पण दोष असलेली वस्तू कशी द्यायची? आधी वायपर बदलतो."

वायपर झाले. मग ब्रेक झाले, हॉर्न झाला, सीटची कव्हरे झाली. चार महिने गेले. शेवटी मालक माझ्याभोवती फेरी मारून म्हणाले, "अगं, आता इतकी छान झालीय, तर द्यायची कशाला?"

मालकीणबाई माझ्याकडे एकवार बघून आत गेल्या. काहीतरी शिजते आहे हे मला कळले, मालकांना नाही.

पुढच्या खेपेला मालक दुकानातल्या खुर्चीत बसले आणि अर्ध्या डोक्याचे केस कापून होतात न होतात तोच मालकीणबाई दुसरी किल्ली घेऊन आल्या. मी निघाले, ते मालकांना समोरच्या आरशात दिसले. ते गळ्यातल्या पांढऱ्या कपड्यासह रस्त्यावर धावत आले आणि ओरडले, "अगं ए! निदान चाकांची हवा तरी बघ!"

संस्थेच्या अंगणात ते रिक्षाने मागोमाग येऊन धडकलेच. "गाडी तुमच्या नावावर आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "सही करा, नाहीतर परत आणा. मी चालले घरी." आणि खरोखरच चालू लागल्या.

कार्यालयातल्या बाईंनी फॉर्म पुढे केला. मालकांनी तो माझ्या बॉनेटवर पसरला आणि खिशातून लाल पेन्सिल काढली.

"'रूग्ण' नाही, 'रुग्ण'. 'दीर्घकालिन'? अरे देवा! आणि हे काय, 'सहानुभुती'? अहो, सहानुभूतीतला भू दीर्घ! असल्या कागदावर मी सही करणार नाही. नवीन छापा."

"प्रिंटर बिघडलाय हो काका. दुरुस्तीवाला उद्या येईल."

"मग सहीपण उद्या!" मालकांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात सिस्टर माझ्यात येऊन बसल्या. त्यांनी सुरू करायचे बटण दाबले. आवाज नाही. पुन्हा दाबले. "काकांनी मेलेली गाडी दिली की हो!" त्या म्हणाल्या.

हे मालकांच्या वर्मी लागले. "मेलेली? चालू आहे ती! विजेवर असताना आवाज करत नाही. सरका पलीकडे. मीच सोडतो तुम्हाला. आजच्यापुरतं."

पहिल्या घरी मधुमेहाचे आजोबा ओट्यावर बसले होते. सिस्टर दीड तास लवकर पोहोचल्या. "ही काय यायची वेळ झाली?" आजोबा बिस्किटांचा पुडा शालीखाली सारत चिडून म्हणाले.

एरवी दिवसाला चार घरे व्हायची. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत सहा झाली. सिस्टर म्हणाल्या, "एक घर आहे. त्यांचा नंबर गुरुवारी आहे, पण आजच जाऊ या?"

त्या घराचे दार एका बाईने उघडले. तीन आठवडे ती आईच्या उशापासून हलली नव्हती. तिच्या स्वेटरची बटणे एकेक घर चुकून लागली होती. मालकांच्या नजरेतून ती चूक सुटणे शक्यच नव्हते. पण लाल पेन्सिल खिशातच राहिली.

"मी दीड तास आहे इथे," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही पडा जरा."

"कुठे पडू? घरात एकच खोली आहे," ती म्हणाली.

मालकांनी माझे मागचे दार उघडले. ती बसली, आणि दोन मिनिटांत झोपली. मी माझा पंखा हळू फिरवत राहिले, इंजिनाचा हूं की चूं न करता. मालक पुढे दगडासारखे बसून होते. मान खाजवायचीही त्यांना धास्ती, आणि कापलेले केस तर कॉलरमध्ये टोचत होते.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो माझ्या स्पीकरला जोडलेला! मालकीणबाईंचा आवाज माझ्या चारही दारांतून घुमला, "अहो! जेवलात का? गाडी आणताय ना?"

आवाज कमी करायचे बटण शोधताना मालकांची त्रेधा उडाली. "हळू बोल," ते कुजबुजले. "झोपल्यात त्या."

"कोण झोपलंय?"

मालकांनी मागे वळून पाहिले. ती बाई जागची हललीही नव्हती. "मग सांगतो," ते म्हणाले. "गाडी दिली म्हणून समज."

संध्याकाळी त्यांनी तोच फॉर्म माझ्या बॉनेटवर ठेवून सही केली. तिन्ही चुका तशाच होत्या. मग माझ्या छपरावर एक थाप मारली आणि अर्धवट कापलेल्या केसांनी, सगळ्यांच्या नजरा झेलत, बसथांब्यावर जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, आता माझ्या अंगाला फिनेलचा वास येतो आणि दारावर दोन ओरखडे आहेत. तरी मला विचाराल तर एवढेच सांगेन: वस्तू द्यायची असेल तर ती चालती असताना द्या. अगदी बिनचूक होण्याची वाट पाहू नका आणि मोडण्याचीही पाहू नका. तिकडे कुणाचा तरी नंबर गुरुवारी असतो.

आता पुरे. सिस्टर जिना उतरताहेत, आणि आज आठ घरे आहेत.