सगळ्यात पुढे आबा

योगिताने मुलांना पाच रविवार कतारगामच्या गल्ल्यांतून चालवलं. पहिल्या रविवारी पाच किलोमीटर, शेवटच्या रविवारी चौदा. प्रत्येकाजवळ दीड लिटर पाणी, गळ्यात शिट्टी, पायात वापरून मऊ झालेले बूट. वाहनं समोरून दिसतील अशा बाजूने रांगेत चालायचं. आणि जो सगळ्यात हळू चालतो तो सगळ्यात पुढे, म्हणजे मागे कोणी राहत नाही.

हे शेवटचं मुलांना आवडलं नव्हतं. पुढे कोणाला ठेवलं यावरून आठवडाभर चिडवाचिडवी चाले.

योगिता पालिकेच्या मराठी शाळेत खेळाची शिक्षिका. जानेवारीत कामरेज ते चलथाण अठरा किलोमीटर आणि फेब्रुवारीत डांगच्या डोंगरात एक दिवस, असा तिचा बेत. खर्च खान्देशी मंडळाचा, म्हणून शेवटचा शब्दही मंडळाचे अध्यक्ष धुडकू आबांचा. साड्यांना लेस लावायचा त्यांचा कारखाना होता आणि सगळ्याच विषयांवर त्यांचं मत होतं.

"बारा पोरी आहेत तुझ्या. चलथाणपर्यंत त्यातली एक जरी मधे बसली, तर डांगला फक्त पोरं जातील. मंडळाची जबाबदारी आहे, बेन."

मुलींनी आयांची परवानगी कशी मिळवली होती हे योगिताला माहीत होतं. तिने मान डोलावली.

निघायच्या सकाळी सहाला सगळे कामरेजला हजर. आबा साडेसातला आले, सोबत तेवीस जोड नवे बूट. बुटांना कुंकू लागलं, नारळ फुटला, भाषण झालं. "आता हेच घालून चालायचं!" आबांनी स्वतःही एक जोड चढवला.

सामानासाठी एक टेम्पो केला होता, त्यावर मदतीला योगिताचे वडील उखानाना आले होते. एकतीस वर्षं ते पॉवरलूमवर होते. बारा तासांच्या पाळीत आठ मागांमधून किती चालणं होतं ते एकदा मोबाईलने मोजलं, तर एकोणीस किलोमीटर निघालं. ते लेकीच्या कानाशी म्हणाले, "नवा बूट लगीनमा घालतस, पोरी. चालाले नई."

फोटो झाला. आबा फोनवर बोलत बाजूला जाताच मुलांनी नवे बूट काढून टेम्पोत टाकले आणि पिशवीतले जुने घातले.

तेवढ्यात आबांनी हुकूम सोडला, "टेम्पो पुढे जाऊ द्या! चलथाणला बॅनर आधी लागला पाहिजे."

"आबा, टेम्पो आपल्यामागून यायचा आहे. कोणाला काही झालं तर?" योगिता म्हणाली.

"मी आहे ना!"

टेम्पो गेला. उखानाना मात्र चढले नाहीत, रांगेच्या शेवटी चालू लागले.

उसाच्या मळ्यांमधून रांग निघाली. चौथ्या किलोमीटरला आबांनी फोनवर बोलणं थांबवलं. सहाव्याला ते झाडाला टेकले. आठव्याला बांधावर बसले आणि म्हणाले, "निसर्ग बघू जरा."

मयुरीने त्यांच्या पायाकडे पाहिलं. ती चौदा वर्षांची, नियम तोंडपाठ असलेली. "मॅडम, बसलं कोण, ते लिहायचं का?"

"गप."

उखानाना पुढे आले. "आबा, पाय दखाडा."

बूट काढले तर टाचांवर रुपयाएवढे दोन फोड. नानांनी खिशातून खोबरेल आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढल्या. मागावरचा माणूस त्या जवळ बाळगतोच. टाचा बांधल्या, बुटांऐवजी आपल्या पिशवीतली जुनी चप्पल दिली.

"आता तुम्ही सगळ्यात पुढे चाला, आबा," योगिता म्हणाली.

आबांचा चेहरा उजळला. "ते तर आहेच. नेतृत्व पाहिजे."

रांगेत कोणीतरी खोकलं. योगिताने वळून पाहिलं तसं खोकणं थांबलं.

आबांच्या चालीने उरलेल्या दहा किलोमीटरला चार तास लागले. दर अर्ध्या तासाला पाणी, दर तासाला सावली. एकही मुलगी बसली नाही, एकही मुलगा बसला नाही. चलथाणला बॅनरखाली आबा सगळ्यांच्या पुढे पोचले, फोटोवाल्याने तो क्षण टिपला आणि आबांनी माईक हातात घेतला.

"पोरी दमतील म्हणून मी मुद्दाम सावकाश चाललो. पण पोरींनी साथ दिली! डांगला सगळ्या येणार. आणि तिथेही सगळ्यात पुढे मीच!"

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात मुलींच्या.

मयुरी योगिताच्या कानाशी आली. "मॅडम, पुढे कोण चालतं ते त्यांना सांगू?"

"सांग ना," योगिता म्हणाली. "डांगहून आल्यावर."