एक मूठ जास्तीची

"मन्ही एक," धुडकू म्हणाला.

त्याच्या बायकोने, मालतीबाईने, गव्हाच्या डब्यातून भरून एक मूठ काढली, सुपात सोडली आणि वर पाव मूठ टाकली. सव्वा मूठ.

"लोटूनी एक. योगराजनी एक. भूपेंद्रनी एक."

प्रत्येक नावाला सव्वा मूठ पडत गेली. कानबाईचे रोट याच गव्हाचे होतात. घरात जितके पुरुष, तितक्या नावांचे गहू. ते धुऊन, दळून रविवारी रोट करायचे, कानबाईला नैवेद्य दाखवायचा आणि राखीपौर्णिमेच्या आत संपवायचे. खायचे ते कुळातल्यांनीच. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही त्यातला तुकडा मिळत नाही. अमळनेरकडून सुरतेला येऊन वीस वर्षं झाली, तरी धुडकूने यातलं काही बदलू दिलं नव्हतं. अमरोलीतल्या त्या दोन खोल्यांत श्रावणात देवी बसायची आणि तो थोरला म्हणून धाकटा भाऊ लोटू बायको आणि योगराज, भूपेंद्र या दोन पोरांसह तिथंच जमायचा.

"व्हयनं. चारच," धुडकू म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठू लागला.

मालतीबाईचा हात पुन्हा डब्यात गेला. पाचवी मूठ सुपात पडली. वर पाव मूठ.

लोटूची बायको नूतन समोरच गहू निवडत बसली होती. तिने मान वर केली. "वहिनी, हाई कोनी?"

"किसनभाऊनी," मालतीबाई म्हणाली.

उठू लागलेला धुडकू पुन्हा खाली बसला. 

किसन म्हणजे चाळीच्या टोकाला पत्र्याच्या खोपटात राहणारा लारीवाला. लूमच्या खात्यांतून, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांतून, कापडाचे तागे उचलून तो हातगाडीवरून मिलमध्ये पोचवायचा. साक्रीकडचा. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्याच्या जातीमुळे चाळीतलं कोणी त्याच्या माठातलं पाणी पीत नसे, आणि तोही कोणाच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. गावाकडून येताना अंथरुणाच्या वळकटीबरोबर तेही आलं होतं.

"वहिनी, येड लागनं का तुमले?" लोटू म्हणाला. "तो काय आपला कुळना शे? दादाले लारीवर दवाखानामा लई गया, ते त्याले धोतरजोडा द्या, जेवाले घाला. रोट कसाले?"

"आणि लारी तरी कोनी धाडेल व्हती?" धुडकू अभिमानाने म्हणाला. "लोटूनीच ना!"

मालतीबाईने सूप बाजूला ठेवलं. गेलं वर्षभर हे वाक्य तिने कुठंकुठं ऐकलं होतं. खात्यात, लग्नात, बारशात. आज देवीच्या गव्हात हात होता.

"नही," ती म्हणाली. "कोनीच धाडेल नव्हती. मी खोटं बोलनू."

*

गेल्या वर्षी भाद्रपदात, गणपती गेल्यावर दोनतीन दिवसांत, शहरात मरकी, म्हणजे प्लेग, आल्याची हूल उठली. आधी पुराचा चिखल, मग मेलेले उंदीर, मग तोंडाला रुमाल बांधलेली माणसं. औषधाच्या दुकानांपुढे कॅप्सूलसाठी रांगा लागल्या आणि एका दिवसात दुकानं रिकामी झाली. लूम बंद पडले. अमरोलीत रात्रंदिवस ऐकू येणारा मागांचा खडखडाट थांबला, तेव्हा मालतीबाईला पहिल्यांदा खरी भीती वाटली. लोक बोचकी घेऊन स्टेशनकडे पळत होते. लेक जयश्री मामाकडे गावी होती, एवढंच बरं होतं.

त्यांनीही निघायचं ठरवलं होतं, पण त्याच पहाटे धुडकू तापाने फणफणला. छाती खरखर वाजत होती. खोकताना ओठांवर लाल रेघ उमटली.

लोटू तेव्हा शेजारच्याच खोलीत राहायचा. मालतीबाईने दार ठोठावलं. आतून कडी निघाली नाही. खिडकीचं एक फळकूट जरासं उघडलं, आणि नूतनचे रडून सुजलेले डोळे दिसले.

"वहिनी, पोरं ल्हाना शेतस..." एवढंच ती म्हणाली.

तिच्या पाठीमागे लोटू उभा होता. दोन्ही पोरांना त्याने पोटाशी धरलं होतं.  मालतीबाई तशीच परत फिरली. तासाभराने ती पाण्याला बाहेर आली, तर शेजारच्या दाराला कुलूप होतं.

चाळीच्या तोंडाशी उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होती. रिक्षावाले तिच्याकडे बघून वेग वाढवत होते. तेवढ्यात किसन आला. त्याची लारी रिकामी होती, सगळ्या खात्यांना कुलपं होती. त्याने काय झालं ते विचारलं नाही. थेट घरात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. धुडकूच्या बगलेत हात घालून त्याला उचललं आणि लारीवर टाकलं.

"किसनभाऊ, तोंडले फडकं तरी बांधा," ती म्हणाली.

"मंग दम कसा घेऊ?" तो म्हणाला. "पूल चढना शे."

तापीचा पूल त्याने वाकून, मान खाली घालून चढवला. ती बाजूने धावत होती, धुडकूच्या डोक्यावर पदराची सावली धरून. पुलावर दुसरं कोणीच नव्हतं. इतका मोठा पूल इतका मोकळा तिने कधी पाहिला नव्हता.

सरकारी दवाखान्यात धुडकूला वेगळ्या वॉर्डात नेलं. ती सहा दिवस फाटकाबाहेर बसून होती, आणि किसनही होता. तो लारीवर झोपायचा, कुठून कुठून चहा आणायचा, वॉर्डबॉयला हाका मारून धुडकूची खबर विचारायचा. चौथ्या दिवशी तिला खिडकीच्या जाळीपाशी जाऊ दिलं. धुडकूचे डोळे खोल गेले होते. त्याचा पहिला प्रश्न होता, "लोटू कोठे शे?"

त्या वेळी जे तोंडात आलं ते ती बोलली. "लोटूभाऊनीच लारी धाडी. पोरंसले गावी सोडाले जायेल शेत."

जाळीपलीकडे तो हसला. चार दिवसांत पहिल्यांदाच. मग त्याने डोळे मिटले आणि त्याला शांत झोप लागली.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, मरकी नव्हतीच, फुप्फुसाला सूज होती. महिन्याभराने लोटू ज्वारीचं पोतं घेऊन परत आला तेव्हा धुडकूने दारातच त्याला मिठी मारली. "तुन्हामुळे जगनू रे, भाऊ." लोटूने मालतीबाईकडे पाहिलं. ती चुलीकडे वळली. उंबऱ्याबाहेर किसन चपला काढून उभा होता. तोही खाली बघत राहिला.

दिवाळीनंतर लोटूने कोसाडला वेगळी खोली घेतली. कारण कोणी विचारलं नाही.

*

"खरं शे का?" धुडकूने विचारलं.

  लोटू बोलला, पण भावाशी नाही. "बाहेरना मानूसना नावनी मूठ पडनी, तो रोट आम्ही खावाव नही. आमन्या तीन मुठी काढी द्या."

मालतीबाईने सूप उचलून त्याच्यापुढे ठेवलं. "भाऊ, तुमना दाना कोनता ते वळखा, नि येची ल्या."

लोटूने सुपाकडे पाहिलं. गहू सगळे सारखेच होते.  मग तो ताडकन उठला. नूतन पोरांना घेऊन त्याच्यामागे गेली. दारात तिने वळून पाहिलं, तेव्हा तिचे डोळे पुन्हा तसेच होते, त्या खिडकीतल्यासारखे.

जयश्री बाहेरून आली. "मम्मी, काका तो चाल्या गया," ती गोंधळून म्हणाली. शाळेत गुजराती, रस्त्यात गुजराती. घाबरली की तिला तीच भाषा आठवायची.

धुडकू भिंतीला टेकून बसला होता. "वरीसभर तू माले सांगं नही," तो म्हणाला. "मी गावभर भाऊनं नाव गाजाडं. त्या किसनसमोर गाजाडं."

"तुमी आजारी व्हतात."

"नंतर?"

 नंतर रोज सांगणं अवघड होत गेलं, एवढंच. आणि खरं म्हणजे, लोटूवर तिचा राग तितका नव्हताही. जयश्री तेव्हा घरात असती, तर आपण तिला पोटाशी धरून कडी लावली नसती, असं ती छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हती. पण देवीपुढे कुळाची नावं घेताना ज्याने खरोखर कुळाचं माणूस वाचवलं, त्याचंच नाव नाही, हे तिच्याने सोसेना.

धुडकू त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मागावरची पाळी सुटल्यावर सायकल घेऊन थेट किसनच्या खोपटाशी गेला. मालतीबाई मागून पोचली, तेव्हा तो किसनपुढे उकिडवा बसला होता.

"तू बोलना का नही रे?"

किसन लारीच्या चाकाला वंगण देत होता. "दादा, तुमी भाऊनं नाव काढेत, तवय तुमना चेहरा खुले. ते मी कसाले मोडू?"

"रविवारले ये. रोट खावाले."

किसनचा हात थांबला. तो घाबरला होता, हे दोघांनाही दिसलं. "नको दादा. रोटनं कडक ऱ्हास. देवीनं काही व्हयनं म्हंजे? मन्हं काय, मी एकला जीव. तुमना घरमा पोर शे."

मालतीबाईच्या पोटात हेच भय कालपासून होतं. गहू धुताना, दळताना, प्रत्येक खेपेला तिने मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली होती. चूक झाली म्हणून मागायची की बरोबर केलं म्हणून, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"देवीले कोप करना व्हता ते तवयच करती," ती म्हणाली. "पूलवर तुमना पाय घसरता. तुमी या."

*

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, चुनरी. भोवती केळीचे खांब. दरवर्षी खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. या वर्षी आरतीला धुडकू, मालतीबाई, जयश्री आणि चाळीतल्या चार बायका होत्या.

किसन आला. न्हालेला, पांढरा शर्ट घातलेला. तो उंबऱ्याबाहेर बसला आणि काही केल्या आत येईना. धुडकूने दोनदा बोलावलं. मग त्याने आपलं ताट उचललं, उंबऱ्यापाशी नेऊन ठेवलं आणि तिथंच किसनशेजारी मांडी घातली. चाळीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकजण उठून गेली. बाकीच्या बसल्या.

किसनने रोटाचा तुकडा हातात घेतला, कपाळाला लावला आणि बराच वेळ चावत राहिला.

"गूळ बराबर पडना का?" मालतीबाईने विचारलं.

त्याने मान हलवली. मग दुसरा तुकडा मोडला.

लोटूच्या वाटचे रोट तिने फडक्यात बांधून देवीच्या बाजूला ठेवले. पौर्णिमेला अजून चार दिवस होते.

सोमवारी सकाळी विसर्जन. मालतीबाईने देवीचा चौरंग डोक्यावर घेतला. पुढे डफवाला, मागे गाणाऱ्या बायका, अनवाणी पाय. पाऊस दोन दिवस उघडला होता आणि तापीकडे जाणारा डांबरी रस्ता आताच तापू लागला होता. चौरंग डोक्यावर असला की मान वळवता येत नाही. समोर जेवढं दिसेल तेवढंच.

नाक्यावर सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी डफ थांबला. कोणीतरी रस्त्यात आडवं आलं होतं. तिने डोळे खाली केले. लोटू होता. कोसाडहून इतक्या लांब तो पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आला होता. नूतन आणि पोरं दुकानाच्या सावलीत उभी होती.

लोटू खाली बसला. देवी डोक्यावर असलेल्या बाईच्या पायांवर पाणी घालतात, तसं त्याने तिच्या पायांवर पाणी घातलं. आधी उजव्या, मग डाव्या. हाताने बोटांवरची धूळ पुसली. वर पाहिलं नाही. धुडकू दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्याकडेही पाहिलं नाही.

धुडकू एक पाऊल पुढे आला.

लोटू उठला, रिकामा तांब्या घेऊन बाजूला झाला. बरोबर चालायला आला नाही. डफ पुन्हा वाजू लागला. मालतीबाईने पाऊल टाकलं. ओल्या पावलांचे ठसे नाक्यापासून थोडं अंतर रस्त्यावर उमटत गेले, आणि मागून येणाऱ्या बायका त्यांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत राहिल्या.