मास्टरांचे वरचे सूर

रेकॉर्डिंगच्या दिवशी रिकाम्या स्टुडिओत मास्टरांनी पियानोची अगदी उजवीकडची पट्टी दाबली आणि त्यांना लाकडाची नुसती टक ऐकू आली. पुन्हा दाबली. पुन्हा टक. तरुणपणी क्लबात जॅझ वाजवण्यात आणि पुढे सिनेमांना संगीत देण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाने दार बंद आहे ना, हे आधी पाहून घेतलं.

वरचे सूर गेल्या सिनेमापासूनच त्यांच्या कानांतून एकेक करून पसार होऊ लागले होते. मास्टरांनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. बायकोलाही नाही, आणि ती तर त्यांच्याच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची! व्हायोलिनं सुरात आहेत का, हे ते वादकांच्या चेहऱ्यांवरून ताडायचे. वाजवून झालं की विचारायचे, "काय मंडळी, कसं वाटलं?" म्हातारपणी माणूस किती नम्र झाला, म्हणून लोक कौतुक करायचे. चाली खालच्या सुरांत बांधू लागले, तर समीक्षकांनी त्याला परिपक्वता म्हटलं. समीक्षकांना काय, निमित्तच हवं असतं.

पण या सिनेमाचा दिग्दर्शक पडला हट्टी. "शेवटी नायिका दार उघडते ना, तिथे फक्त पियानो आणि व्हायोलिनं. अगदी वरचे सूर," त्याने बजावलं होतं. खरं सांगितलं तर काम जाणार, आणि कामावाचून मास्टरांना दुसरं काही येत नव्हतं. घरी बसायच्या नुसत्या कल्पनेने त्यांना दरदरून घाम फुटायचा.

वादक जमले. बास वाजवणारा क्लबातला जुना दोस्त म्हणाला, "अरे, एवढ्या थंडीत घामाघूम का झालास?"

"हीटर जास्त आहे," मास्टर म्हणाले. हीटर बंदच होता.

पडद्यावर प्रसंग सुरू झाला. बोटांना वाट पाठ होती. पण एखादं बोट शेजारच्या पट्टीवर पडलं तर ते आपल्याला कळणारच नाही, या धास्तीने मास्टर बायकोकडे पाहत वाजवत राहिले. तिच्या कपाळावर आठी नव्हती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

अचानक तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मास्टरांना वाटलं, चुकलं! त्यांनी तीच जागा मुद्दाम पुन्हा वाजवली. ही जॅझवाल्यांची जुनी खोड. चूक दुसऱ्यांदा वाजवली की ती ठरवून केलेली वाटते. तिसऱ्यांदाही वाजवली, वर हसून दाखवलं.

मग त्यांच्या लक्षात आलं, दुसरं कोणीच वाजवत नव्हतं. सगळ्यांनी कान गच्च दाबले होते. काचेमागे दिग्दर्शक हातवारे करत होता. कुठलातरी माइक कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारत होता, आणि त्या शिट्टीत मास्टर एकटे, हसतमुखाने वाजवत बसले होते.

त्यांनी लगबगीने कानांवर हात दाबले. डोळे मिटले, तोंड वाकडं केलं.

डोळे उघडले तेव्हा बाकीच्यांचे हात खाली आलेले होते. शिट्टी केव्हाच थांबली होती. वादक, दोस्त, काचेमागचा दिग्दर्शक, सगळे त्यांच्याकडे टक लावून पाहत होते.

बायको व्हायोलिन खुर्चीवर ठेवून जवळ आली. "अहो," ती म्हणाली, "कधीपासून?"

कान झाकलेले होते, तरी ओठांवरून त्यांना समजलं. हात खाली घ्यायची मास्टरांची हिंमत झाली नाही.