मनकर्णाच्या डोळ्यांचं पाणी

वडवणीच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या मनकर्णाच्या डोळ्यांत वर्षभर वाळू गेल्यासारखं खुपत होतं. सकाळी पापण्या उघडताना जीव जायचा. शेवटी ती नेकनूरच्या हकीमाकडे गेली.

म्हाताऱ्या हकीमानं पापणी उलटून पाहिली. "बाई, तुझ्या डोळ्यांतलं पानीच आटलंय. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं रोज पापण्यांवर ठेवत जा. धुरापासून, वाऱ्यापासून जप. आराम पडंल, पन पहिल्यासारखं व्हईल असं न्हाई सांगत."

"वाऱ्याला भिऊन घरात बसले, तर मेंढरामागं कोन जाईल?" ती म्हणाली. फडकं मात्र ती नेमानं ठेवू लागली. खुपणं जरा कमी झालं.

त्याच उन्हाळ्यात तिची लेक साखरा सासरी पटकीच्या साथीत दगावली. मनकर्णानं लेकीच्या सासरच्या अंगणात हंबरडा फोडला, ऊर बडवून घेतला, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नुसती आग होत राहिली. साखराची सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "पोटची पोर गेली, अन् हिच्या डोळ्याला पानी न्हाई. सोंग करती!"

"इहीनबाई, माझं पानी आटलंय वं, हकीमाला इचारा," मनकर्णा कळवळली. बायकांनी तोंडं फिरवली.

परतताना नवरा आसाराम पुढं चालत होता. ती म्हणाली, "तुमाला तर समदं ठावं हाय."

"ठावं हाय," तो मागं न बघता म्हणाला. "पन लेकीसाठी एक टिपूस तरी यायला पायजे व्हतं."

मनकर्णा तिथंच बांधावर खाली बसली. आसाराम थांबला नाही.