डाव्या आरशातला डाग

डाव्या आरशातला तो डाग... कोंढा गावात ट्रकवर धानाची पोती चढत होती तेव्हा भैय्यालालने तो फडक्याने पुसला होता, वाटेत थांबून थुंकी लावून पुसला होता, आणि आता भंडाऱ्याच्या गोल चौकाची गर्दी समोर दिसू लागली तरी तो तिथंच होता — राखेचं बोट लागल्यासारखा. उजवा डोळा मिटला की मोठा होई, डावा मिटला की नाहीसा. म्हणजे डाग कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं. आरसा बिचारा उगाच घासला जात होता.

पण सांगायचं कुणाला? डोळा गेला म्हटलं की स्टिअरिंग गेलं. आणि स्टिअरिंग गेल्यावर भैय्यालाल म्हणून उरतो कोण — घरासमोर खाटेवर बसून जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ओळखणारा एक माणूस! नको रे बाबा. घरात त्याने हूं की चूं केलं नव्हतं.

बाजूच्या सीटवर त्याची बायको पंचफुला मांडीवर पिशवी धरून बसली होती. क्लीनर इश्वर मेहुण्याच्या लग्नाला गेलेला, आणि सकाळी हिने एकाएकी, "मी बी येतो, मोहाडीचा बाजार करतो," म्हणत वर पाय टाकला. इतकी वर्षं ट्रकच्या डिझेलच्या वासानेच नाक मुरडणारी बाई! आज काहून?

"हळू घ्या ना जी."

"आता तू मले शिकवून राहिली?" तो हसला.

चौक आला. दुसरा गिअर. उजवीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, मग शिरायचं, आणि शिरलं की घाई नाही — घाई केली की वरची पोती बाहेर झुकतात. त्याचे उस्ताद मारोतराव म्हणायचे, "तोंड वळलं म्हंजे गाडी वळली नाही, भैय्या. ढुंगण मांगंच असते." मागची चाकं चौकाच्या कठड्याकडे ओढत होती, ते उजव्या आरशात लख्ख दिसत होतं, आणि तेवढा वेळ त्याला बरं वाटलं... जुन्यासारखं. मग मोहाडीच्या रस्त्याला बाहेर पडायची वेळ आली. आता डावी बाजू. मान पूर्ण वळवली तर उजव्या डोळ्याने दिसलं असतं, पण तेवढ्यात उजवीकडून येणारं सुटतं. म्हणून गेले काही महिने तो इश्वरच्या हातावर गाडी काढत होता — दारावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. आज थाप नव्हती. काही नसेल, तो स्वतःला म्हणाला, काही नसेल, आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवू लागला —

धप्प!

पाय ब्रेकवर गेला तो मनाला न विचारता. दाराच्या अगदी खालून, त्या राखेच्या डागातूनच जणू, सायकलला गवताचा भारा बांधलेला एक म्हातारा निघाला आणि वर न बघताच निघून गेला. मग दारावर दोन थापा पडल्या.

गाडी सरळ रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "हे तुले कोनं सांगतलं?"

"इश्वरले इचारून घेतलं," पंचफुला रस्त्याकडे बघत म्हणाली. हात अजून खिडकीबाहेरच होता.

...पाण्याचा गडवा. उन्हाळ्यात दोनदा त्याच्या डाव्या कोपराने तो लवंडला, आणि त्यानंतर ताटाच्या उजवीकडे येऊ लागला. तो खेकसला होता, जागा कायले बदलवून राहिली म्हणून. ती म्हणाली होती, "असू द्या, इकडं बरं पडते." तेव्हापासून... तेव्हापासून हिला ठाऊक होतं! आणि मी येडा आरसा पुसत बसलो.

त्याला लाज वाटली, खूप लाज वाटली, आणि त्या लाजेखाली पोतं उतरवल्यावर खांद्याला वाटतं तसं काहीतरी. डॉक्टरचं नाव तिने काढलं नाही. परतताना काढेल, नाहीतर आपणच काढू... नाहीतर अजून चार दिवस कुणीच काढणार नाही. त्याने फडकं उचललं, तसंच खाली ठेवलं.

रस्ता आता सरळ होता, दोन्हीकडे धानाच्या बांध्या, मोहाडीपर्यंत एकही चौक नव्हता. तरी त्याचे कान तिच्या हाताकडे लागले होते.