बसलेली बाई

"अहो, आधी पाय बघा पाय! पुढारी बाईचे पाय असे असतात?"

व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी हातातली कागदाची गुंडाळी नमुन्याच्या पायांवर रोखली आणि सगळा हॉल हसला. तिसऱ्या रांगेतल्या मावशीने आपले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

नगरपालिकेच्या हॉलमध्ये मंचाच्या मधोमध तो नमुना ठेवला होता. पांढऱ्या प्लास्टरचा, चांगला माणसाएवढा. एक बाई पायरीवर बसली आहे. मांडीवर आजारी मूल, एक पाय पुढे, एक मागे, तळवा गुडघ्यावर टेकलेला, पाठ जराशी वाकलेली. पावलं रुंद, टाचा भेगाळलेल्या आणि डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. हा ताईंचा पुतळा होणार होता, आणि तो असाच करायचा का, हे ठरवायला आज गावाला बोलावलं होतं.

ताईंची गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मावशी लहान होती तेव्हा नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या माणसांना सरकारी दवाखान्यात मागच्या दाराने जावं लागे. ते दार शवागाराला लागून. त्यामुळे जिवंत माणूस आत जाताना आणि मेलेला बाहेर येताना एकाच बोळात गाठ पडायची. ताई त्याच वस्तीतल्या. एका सकाळी शेजारणीचं तापाने फणफणलेलं मूल उचलून त्या पुढच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसल्या. शिपायाने उठवलं की उठायच्या, त्याची पाठ वळली की परत बसायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागे अख्खी वस्ती येऊन बसली. शेवटी ते दार सगळ्यांना उघडलं, आणि मग त्याच्या मागोमाग गावातली इतरही बरीच दारं. ताई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली होती. दवाखान्यासमोरच्या चौकात त्यांचा पुतळा हवा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कसा हवा, यावर मात्र जितकी तोंडं तितकी मतं.

मावशीही त्याच वस्तीतली, आणि त्याच दवाखान्यात आया होती. नाव कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी मावशीच म्हटलं. डॉक्टरांनी, पेशंटांनी, एवढंच काय, वयाने मोठ्या असलेल्या म्हाताऱ्यांनीही. पहिल्या दिवशी ती पुढच्या दाराने कामावर गेली आणि शेवटच्या दिवशी पुढच्याच दाराने बाहेर पडली. "ताईंची कृपा," असं ती म्हणायची. त्यापलीकडे तिने ताईंसाठी काही केलं नव्हतं, आणि तसा आवही कधी आणला नव्हता.

तर या पुतळ्यात ती आली कशी? त्याचं असं झालं की ताईंचा एकच फोटो उरला होता, तोही खांद्यापर्यंतचा. खांद्याखाली ताई कशा होत्या हे नेमकं आठवून सांगेल असं कुणी राहिलं नव्हतं. शिल्पकाराची आई मावशीच्या वॉर्डात होती, तेव्हा त्याने मावशीला पॅसेजच्या टोकाला उपड्या बादलीवर बसलेलं पाहिलं होतं. वॉर्डात आयांना खुर्ची नसते. त्यामुळे मावशीची बसायची एक तऱ्हाच होऊन गेली होती: एक पाय मागे, हात गुडघ्यावर, म्हणजे घंटी वाजली की उठताना वेळ जायला नको.

"मला तुम्ही असंच बसायला हवंय," शिल्पकार तिच्या घरी येऊन म्हणाला होता.

"असंच म्हणजे कसं?"

"उठायच्या बेतात."

मावशीला हसू आलं. "अहो, जन्मभर बेतच केला. बसणं कुठं झालं?"

मग ती दुपारी त्याच्या कारखान्यात जाऊन बसू लागली. लेकीला सांगितलं, जुन्या मैत्रिणीकडे जाते. एक तर परक्या माणसासमोर पाय उघडे टाकून बसायचं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि दुसरं म्हणजे तिला गंमत करायची होती. लेक शाळेत शिक्षिका, वस्तीतली शिकलेली, चार माणसांत बोलणारी. पुतळ्यावरचा पडदा सरकेल तेव्हा गर्दीत तिच्या कानाशी लागून मावशी सांगणार होती. काय सांगायचं ते वाक्यही तिने ठरवलं होतं, तीनचारदा बदललं होतं. शेवटी "नीट बघ, ओळखीची वाटते का?" हे तिला पसंत पडलं होतं.

माती चढली तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, "एवढी वाकलीय का हो माझी पाठ?"

"वाकलेली नाही मावशी, वापरलेली आहे," शिल्पकार म्हणाला होता. अशा लोकांना असली वाक्यं सुचतात. पण मावशीला ते ऐकून बरं वाटलं होतं, अगदी रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा.

आता हॉलमध्ये त्याच पाठीची आणि त्याच पायांची चिरफाड चालली होती.

निवृत्त मुख्याध्यापक उठले. "ताई उभ्या हव्यात. एक हात वर, दुसऱ्या हातात पुस्तक."

"ताईंना वाचता येत नव्हतं, गुरुजी," कुणीतरी म्हणालं.

"मग नुसतं धरू दे ना! पुतळ्याला कोण वाचायला लावतंय?"

एकाने घोडा सुचवला. ताई उभ्या जन्मात घोड्याजवळ गेल्या नव्हत्या, पण पुतळा म्हटलं की काहींच्या डोळ्यांपुढे आधी घोडाच येतो. एकाला पुतळा कसाही चालणार होता, फक्त चौकातली त्याची गाडी लावायची जागा तेवढी सोडून.

"ही तर ओपीडीत नंबर लावून बसल्यासारखी दिसते!" मागून एक तरुण ओरडला, आणि हॉलमध्ये हास्याचा फवारा उडाला.

मावशीही हसली. न हसून कसं चाललं असतं? सगळे हसत असताना एकटीच गप्प बसली तर लोकांची नजर जाणार. ती तोंडाला रुमाल लावून हसली, आणि हसता हसता तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपण स्वतःलाच हसतो आहोत हे तिला कळत होतं. तरी हसू काही थांबेना.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी तिला कोपराने ढोसलं. "बोटं बघितलीत का हो? एकावर एक चढलेलं. काय तरी बाई!"

"हो ना," मावशी म्हणाली. "काय तरीच."

हे बोलल्यावर तिला स्वतःची जास्तच लाज वाटली. पायांची नव्हे, बोलण्याची. ती पावलं काही तिने विकत आणली नव्हती. ओली फरशी, जड स्ट्रेचर, दुसऱ्या कुणीतरी वापरून टाकलेल्या तोकड्या चपला, यांनी ती घडवली होती. पण हे कुणाला सांगणार, आणि कशाला?

मग नगराध्यक्षांनी तिच्या लेकीचं नाव पुकारलं. मावशी सावरून बसली. आता बघा म्हणावं. वस्तीतलं माणूस बोलणार, शिकलेलं. ते नीट बोलेल.

लेक मंचावर गेली. माइकसमोर उभी राहिली. नमुन्याकडे तिने पाठ केली होती.

"मी वस्तीतली आहे," ती म्हणाली. "इथं कुणी पायांना हसलं, कुणी बोटांना. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही."

मावशीने पाय खुर्चीखालून थोडे पुढे घेतले.

"पण हा पुतळा मलाही नको आहे. आमच्या आयांनी जन्म वाकून काढला. ते आम्हाला घरी रोज दिसतं. चौकात तरी ताठ बाई दिसू दे. आमची मुलं तिथून शाळेत जातात. त्यांनी मान वर करून बघावं असं काहीतरी करा." तिने मागे न बघताच नमुन्याकडे हात केला. "ही ताई नाही. ही कुठल्यातरी वॉर्डातली दमलेली मावशी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापक तर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातही वाईट हे की लेकीचं म्हणणं तिला पटलं होतं. खरंच, चौकात कशाला दमलेली बाई? दमलेल्या काय कमी आहेत?

शिल्पकार बोलायला उठला. त्याचा चेहरा उतरला होता. "ज्यांना समोर बसवून मी हे केलं, त्या बाई..." त्याची नजर रांगांवरून फिरत तिसऱ्या रांगेवर आली.

मावशीने मान हलवली. अगदी थोडी, पण घाईघाईने. नको. माझ्या बाबा, नको.

तो थांबला. "त्या बाईंची काही हरकत नसेल," तो म्हणाला. "बदलतो मी."

"उभा पुतळा हवा असेल त्यांनी हात वर करा," नगराध्यक्ष म्हणाले.

भराभर हात वर झाले. मंचाच्या पायरीवर उभ्या असलेल्या लेकीने वळून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ती आईकडेच बघत होती. मावशीने हात वर केला. शेजारच्या बाईंपेक्षा जरा जास्तच उंच केला.

बाहेर पडताना दारात लोक लेकीभोवती जमले. मुख्याध्यापक म्हणाले, "छान बोललात हो बाई."

"माझी मुलगी," मावशी म्हणाली. सवयीने तोंडातून गेलं. आणि खोटं काय होतं त्यात? छानच बोलली होती ती. मावशीने स्वतःची समजूत घातली. पोरीला बिचारीला काय माहीत? माहीत असतं तर बोलली असती का अशी? अजाणता लागलेला हात तो, त्याचा काय राग धरायचा? आता कधीच सांगायचं नाही, म्हणजे झालं. स्टॉपपर्यंत चालताना हे तिने मनाशी पक्कं केलं, तसं तिला थोडं हलकंही वाटलं.

बस भरलेली होती. दोघी दांड्याला धरून उभ्या राहिल्या. लेक खिडकीबाहेर बघत होती.

"आई."

"अं?"

"यापुढे असं कुणासमोर जाऊन बसू नकोस."

मावशीला आधी कळलंच नाही. "तिसऱ्या रांगेत तर बसले होते गं. पुढं झालं का?"

"हॉलमधलं नाही म्हणत मी."

बसने वळण घेतलं. मावशीने दांडा दोन्ही हातांनी धरला.

"कधी ओळखलंस?"

"आत शिरले तेव्हाच. दारातून." लेकीचा आवाज अगदी खाली गेला होता. "लहानपणी रोज चेपायचे ना मी ते पाय. त्या माणसाने त्यांच्यावर कागद रोखला आणि सगळे हसले, तेव्हा मला वाटलं उठून बाहेर पळावं. आई, तो पुतळा तिथं कायमचा राहिला असता. उद्या शाळेत कुणी म्हणालं असतं, ही तर बाईंची आई..." तिने वाक्य अर्धवट सोडलं. "मला लाज वाटली. तुझी नाही गं. म्हणजे... मला नाही सांगता येत."

"असू दे," मावशी म्हणाली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावले तर तक्रार कुणाकडे करायची? मघाशी स्टॉपपर्यंत येताना जी समजूत तिने घातली होती, तिचा आता काही उपयोग नव्हता. माहीत असूनही पोर बोलली होती. माहीत होतं म्हणूनच बोलली होती. मावशीला तिचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला फक्त शरम वाटली, की आपण ते वाक्य तीनचारदा बदललं होतं, आणि कुणाच्या कानात सांगायला!

"तू बोलायचंस ना तिथं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "हात कशाला वर केलास?"

"तू बघत होतीस."

पुढच्या स्टॉपवर दोघींच्या समोरची सीट रिकामी झाली. लेकीने पटकन पर्स ठेवून ती अडवली.

"आई, बस."

"नको."

"अगं बस ना. पाय दुखतील तुझे."

"दुखू देत," मावशी म्हणाली. "उभीच राहते."

आणि ती उभी राहिली. खांदे मागे घेतले, पाठ जमेल तेवढी सरळ केली. कमरेतून कळ आली, तिने ओठ आवळले. लेकीने पर्स उचलून घेतली, पण तीही बसली नाही. दोघींच्या मध्ये ती सीट रिकामीच राहिली. एक स्टॉप गेला. मग एक बाई चढली, तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, "बसू का?" असं विचारलं, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या तेव्हा बसली.