ज्यांना तेल लागलं नाही

रुग्णालयाच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे चाकांच्या खुर्च्यांवर सहा म्हातारी माणसं, मागे त्यांच्या लेकीसुना, नातवंडं आणि नुसतेच बघे. तेलमहाराज गात होते. गळा असा, की हातातला चहा हातातच निवून जावा. गाता गाता ते पहिल्या आजींपाशी आले, गुडघ्यांना तेलाचं बोट लावलं आणि म्हणाले, "आई, तुम्हाला खुर्चीनं नाही, भीतीनं धरून ठेवलंय. उठा."

आजी उठल्या. चार पावलं चालल्या. बघ्यांनी हात जोडले.

दाराशी उभ्या फिजिओताईचे डोळे भरून आले. दर शनिवारी असेच भरून यायचे. आणि दर शनिवारी काहीतरी टोचायचंही. पण काय टोचतंय ते तिनं कधी काढून पाहिलं नव्हतं.

खुबा मोडलेली, अर्धांगातून उठलेली म्हातारी माणसं या रुग्णालयात चार आठवडे राहत आणि ताई त्यांना पुन्हा चालायला शिकवी. आल्या दिवशी आणि जायच्या आठवड्यात ती प्रत्येकाची परीक्षा घेई : उठणं, चालणं, जिना, आंघोळ, कपडे, गुण विसापैकी. गायनातल्या निरूपणाचं तिला लहानपणापासून वेड. महाराजांना गायला बोलवा, असा हट्ट मोठ्या डॉक्टरांकडे तिनंच धरला होता. "मनानं तयार असलेले सहाजण द्या," एवढंच महाराज म्हणाले होते. तिनं दिले.

पुस्तकबांधणीवाले काका त्या सहांत कधीच नसत. खुबा मोडून आले तेव्हा त्यांना नऊ गुण मिळाले होते. "ताई, शिवण उसवली म्हणून कुणी पुस्तक फेकत नाही. घ्या शिवायला," म्हणाले आणि पहिला आठवडा नेटानं व्यायाम केला. मग त्यांनी महाराज पाहिले. त्यानंतर काका पलंग सोडीनात. एका बोटात काम होणार असेल तर घाम कशाला? रोज एकच विचारणं, "या शनिवारी मला घेणार ना?" त्यांना उभंही राहता येत नाही हे ठाऊक असून ताई हसून म्हणायची, "घेऊ हं."

तिसऱ्या शुक्रवारी तिनं न राहवून काकांचे गुण आधीच मोजले. सात. गुडघा आखडला होता. काकांचं दुकान खाली, घर वर, मधे चौदा पायऱ्या. त्या चढता आल्या नाहीत तर घर सुटणार होतं. त्यांच्या लेकीनं शांतपणे विचारलं, "घेऊ म्हणाला होतात ना तुम्ही?"

ताईनं वही मिटली. ती निघाली तोच दाराजवळच्या पलंगावरून हाक आली. तिथे निवृत्त गणिताच्या बाई होत्या; हिशेब चुकला की त्यांना झोप लागत नसे.

"तेल लागलेल्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत," बाई म्हणाल्या. "न लागलेल्यांची कुणी ठेवलीत का गं?"

ठेवली होती; ताईच्याच वहीत. वरच्या मजल्यावरही असाच विभाग होता; तिथल्या परीक्षाही ताईच घेई, पण तिथलं कुणी शनिवारच्या गाण्याला येत नसे. महाराज तिथे कधी गेले नव्हते, कारण जिन्यानं त्यांना दम लागे आणि लिफ्टची भीती वाटे. दोघींनी आकडे मांडले. तेल लागलेल्यांचे सरासरी सहा गुण वाढले होते. वरच्यांचेही सहाच.

"आणि ते सहाजण कोण निवडतं?" बाईंनी विचारलं.

"मीच," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढून तिनं त्या दिवशीच्या सहाहीजणांना वॉकर देऊन सभागृहात चालत आणलं. शेवटी काका आले, तेवढे खुर्चीवर.

महाराज क्षणभर गोंधळले, मग हसले. "पाहा, कृपा दुरूनही पोचते."

"वरच्या मजल्यावर तर जिना न चढताच पोचली," बघ्यांत बसलेल्या गणिताच्या बाई म्हणाल्या.

काकांना हे ऐकूच गेलं नाही. "मला लावा," ते म्हणाले. महाराजांनी तेल लावलं, गायले. काकांनी दात आवळून खुर्चीचे हात दाबले, वीतभर उठले आणि मटकन बसले.

"श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

ताईला तेवढं मात्र सोसवलं नाही.

"नाही काका. श्रद्धा भरपूर होती, व्यायाम कमी पडला." ती बघ्यांकडे वळली. "विभागाबाहेर सगळ्यांना चाकाच्या खुर्चीतूनच न्यायचं, कुणी पडू नये म्हणून, असा आमचा नियम आहे. चालणाऱ्यालाही. ह्या सहाजणांची पुढच्या आठवड्यात घरी जायची तारीख ठरलीय. हे आज सकाळीच व्हरांड्यात चाळीस पावलं चाललेत. गेल्या शनिवारच्या आजीही चालल्या होत्या. दर वेळी असेच सहाजण मीच निवडले, मीच खुर्चीत बसवले. सूर गोड लागला म्हणून गप्प बसले."

महाराज बाटली उचलून निघाले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे ताईकडे पाहत होते आणि तेच तिला जड गेलं.

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "चला, शिवा." डॉक्टरांनी दोन आठवडे वाढवून दिले. काका घरी गेले ते तेरा गुण घेऊन आणि सरावाच्या जिन्यावर अकरा पायऱ्या चढून. पलंग दुकानातच, कागदांच्या गठ्ठ्यांशेजारी लागला.

देव मानणाऱ्यानं जरूर मानावा. ताई आजही मानते, निरूपणाला पहिल्या रांगेत बसते. पण कुणी खुर्चीतून उठून चालला, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा : हा सकाळी काय करत होता? आणि ज्याला तेल लागलं नाही, त्याचं काय झालं? हे विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो बाटलीवाला.

दर महिन्याला ताई काकांना फोन करते. पहिला प्रश्न एकच असतो, "किती पायऱ्या झाल्या?"

"बारा," परवा काका म्हणाले.

अजून दोन आहेत. त्या दोन तिच्या खात्यावरच्या आहेत, हे तिला ठाऊक आहे.